आठ त्यांचे, एक आपला

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात अंत्यविधी व्यवसायावर देखरेख ठेवणारे एक परवाना मंडळ आहे. त्याचे प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले, तेव्हा कायद्याने ठरवून दिलेली सदस्यसंख्या नऊ होती: चार परवानाधारक फ्युनरल डिरेक्टर (अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक), चार परवानाधारक एम्बामर (मृतदेह रसायनांनी टिकवणारे) आणि या धंद्याशी संबंध नसलेली एक व्यक्ती. सदस्य किती आणि कुठले, हे सांगणारे कलम आपण वाचताना ओलांडून पुढे जातो. माझ्या मते, परवान्याच्या कोणत्याही कायद्यात सर्वांत प्रभावी कलम तेच असते, कारण पुढची सगळी कलमे कोणी, कोणाविरुद्ध आणि किती उत्साहाने वापरायची हे त्यातूनच ठरते.

ते प्रकरण थोडक्यात सांगतो. सेंट जोसेफ ॲबी हा लुइझियानातला बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांचा जुना मठ. तिथले संन्यासी आपल्या दिवंगत बांधवांसाठी साध्या लाकडी शवपेट्या पूर्वीपासून करत. 1990 च्या दशकात काही बिशपांचे दफन त्या पेट्यांतून झाले आणि बाहेरचे लोकही तशा पेट्यांची चौकशी करू लागले. 2005 च्या कतरिना वादळात मठाच्या जंगलाचे मोठे नुकसान झाले आणि लाकूडविक्रीचे उत्पन्न बुडाले, तेव्हा 2007 मध्ये संन्याशांनी शवपेट्यांची कार्यशाळा सुरू केली. पेटीची किंमत प्रकारानुसार 1500 किंवा 2000 डॉलर. डिसेंबर उजाडला आणि एकही पेटी विकली जाण्याआधी मंडळाचा विक्री थांबवण्याचा आदेश आला.

राज्यात शवपेटी विकण्याचा अधिकार फक्त परवानाधारक फ्युनरल होमला, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या आस्थापनेला, होता. संन्याशांना तो हवा असेल, तर त्यांनी तीस माणसे बसतील असे दालन, सहा पेट्या मांडण्याची खोली आणि एम्बामिंगची सोय असलेली रीतसर आस्थापना उभारायची होती, शिवाय पूर्णवेळ फ्युनरल डिरेक्टर नेमायचा होता. हे सर्व कशासाठी, तर एक लाकडी खोके विकण्यासाठी. गंमत अशी की, त्याच राज्याच्या कायद्यानुसार दफनासाठी पेटीची सक्तीच नव्हती, पेटी कशी असावी याचा एकही नियम नव्हता आणि दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून ती मागवण्याची पूर्ण मुभा होती.

‘अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल’ अशी पाटी लावून बांबू, मडके आणि पांढरे कापड विकणारी दुकाने पाहत मी वाढलो आहे. असा दुकानदार लुइझियानात शवपेटी विकायला बसला असता, तर कागदोपत्री तरी त्याला 180 दिवसांपर्यंतच्या तुरुंगवासाची भीती होती.

संन्याशांनी 2008 मध्ये आणि पुन्हा 2010 मध्ये विधिमंडळाकडे दाद मागितली. दोन्ही वेळा दुरुस्ती बारगळली. मग ते न्यायालयात गेले आणि 2013 मध्ये पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने (अमेरिकेत काही राज्यांच्या प्रत्येक गटासाठी असे एक केंद्रीय अपील न्यायालय असते) त्यांच्या बाजूने निकाल दिला. एखाद्या लाडक्या उद्योगाला निव्वळ आर्थिक संरक्षण देणे हा शासनाचा वैध हेतू ठरत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. टेनेसीतील अशाच कायद्याबाबत सहाव्या सर्किटने 2002 मध्ये याच दिशेने निर्णय दिला होता. ओक्लाहोमाच्या कायद्याला मात्र दहाव्या सर्किटने 2004 मध्ये अभय दिले. स्थानिक उद्योगांवर मेहेरनजर करणे हा राज्य सरकारांचा आवडता छंदच आहे, असा शेरा मारून, आणि तरीही तो घटनाबाह्य नाही असे ठरवून. मला तो निकाल पटत नाही, पण त्यातला प्रांजळपणा आवडतो.

माझा मुद्दा निकालांच्या पलीकडचा आहे. संन्यासी जिंकले, परंतु न्यायालयाने तपासला होता तो विक्रीवरचा निर्बंध; मंडळात कोणी बसावे हा प्रश्न त्याच्यासमोर नव्हताच. आठास एक ही रचना बदलायची, तर ते विधिमंडळाचे काम.

विधिमंडळांना या कामाची निकड 2015 मध्ये भासली, आणि तीही दातांच्या डॉक्टरांमुळे. उत्तर कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळात आठपैकी सहा जण दंतवैद्य होते आणि त्यांना निवडून देणारेही दंतवैद्यच. दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-दंतवैद्यांना या मंडळाने नोटिसा धाडल्या. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, ज्या मंडळाची सूत्रे त्याच बाजारात धंदा करणाऱ्यांच्या हाती आहेत, त्याच्यावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून राज्याला मिळणारे संरक्षण मिळणार नाही. त्यानंतर राज्याराज्यांत परवाना मंडळांच्या रचनेचा फेरविचार सुरू झाला.

धंदेवाल्यांचे म्हणणे मला अगदीच निरर्थक वाटत नाही. फॉर्माल्डिहाइड कसे हाताळावे, संसर्गाने मृत्यू झालेल्या व्यक्तीचा देह कसा सांभाळावा, लोकांनी आपल्या अंत्यविधीसाठी आगाऊ भरलेल्या पैशांचा हिशेब कसा तपासावा, हे जाणणारी माणसे मंडळात हवीतच. देखरेख ढिली असली की काय होते, हे कोलोरॅडोने दाखवले. अनेक वर्षे फ्युनरल डिरेक्टरांना परवान्याचे बंधन न घालणाऱ्या त्या राज्यात 2023 मध्ये पेनरोझ या गावातील एका इमारतीत सुमारे 190 कुजलेले मृतदेह सापडले. त्यानंतर 2024 मध्ये कायदा झाला आणि 2027 पासून परवाना बंधनकारक ठरला. म्हणून मंडळ किंवा परवानाच नको, असे मी म्हणणार नाही. मात्र जाणकार असणे वेगळे आणि बहुमत असणे वेगळे. मिनेसोटात हे काम आरोग्य विभाग पाहतो, कॅलिफोर्नियात ग्राहक व्यवहार विभागातील एक ब्यूरो. व्यवसायातील जाणकारांचा सल्ला घ्यायला तिथेही कोणी मनाई केलेली नाही.

म्हणून सदस्यत्वाच्या दुरुस्तीचे विधेयक कुठेही आले की, एक जागा वाढवून ‘लोकप्रतिनिधित्व दिले’ असे म्हणणाऱ्या मसुद्याकडे मी संशयाने पाहतो. आठांसमोर एकाऐवजी दोन बसल्याने मतदान बदलत नाही. धंद्याबाहेरच्यांचे बहुमत असावे, व्यवसायातील सदस्यांची नावे त्यांच्या संघटनांनीच सुचवायची आणि गव्हर्नरने त्यांतूनच निवडायची ही काही राज्यांतली पद्धत बंद व्हावी, आणि विक्री थांबवण्याचा आदेश मंडळाबाहेरच्या अधिकाऱ्याने तपासल्याशिवाय लागू होऊ नये, एवढे तरी त्यात असायला हवे.

अडचण अशी की, या विधेयकांच्या सुनावणीला फ्युनरल डिरेक्टरांच्या संघटना न चुकता हजर असतात आणि ग्राहक कधीच नसतो, कारण हा ग्राहक आयुष्यात दोन-चार वेळा, तेही रडत, त्या दारात जातो. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी कुटुंबांचा तर गोंधळ अधिक. दहन करायचे असले तरी अंत्यदर्शनासाठी पेटी समोर येते, आणि भाड्याची पेटी मिळू शकते हे विचारायचे त्या क्षणी कोणाला सुचत नाही. 1984 पासून अमलात असलेल्या केंद्रीय नियमानुसार प्रत्येक बाबीची वेगवेगळी किंमत छापील स्वरूपात मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आमच्या राज्याच्या मंडळात जनतेच्या प्रतिनिधीची एक जागा रिकामी आहे. गेल्या आठवड्यात मी तिच्यासाठीचा अर्ज भरायला घेतला. ‘या व्यवसायाशी आपला संबंध’ या रकान्यात खूप विचार करून ‘आज ना उद्या येणारच’ असे लिहिले होते, मग खोडून ‘नाही’ लिहिले.