चुंबक हळू करतंय की धरून ठेवतंय? निपाणीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली, तेव्हाच लिहायला बसलो असतो तर काहीतरी वाकडं लिहिलं असतं म्हणून दोन दिवस जाऊ दिले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलेलं की मोटरवाल्या रोलर ब्लाइंडमध्ये (पाइपवर गुंडाळला जाणारा खिडकीचा पडदा) चुंबकीय ब्रेक असतो आणि त्यातल्या एडी करंटमुळं, म्हणजे चुंबकाजवळ धातू हलला की त्यात भोवऱ्यासारखा फिरणाऱ्या करंटमुळं, लाईट गेली तरी पडदा आहे तिथंच लटकून राहतो. त्यावर सरांचं म्हणणं असं की लेन्झचा नियम (असा करंट ज्या हालचालीमुळं तयार होतो तिलाच विरोध करतो) बारावीच्या पोराला पण येतो, वस्तू हललीच नाही तर करंट कुठून येणार आणि करंट नाही तर धरून कोण ठेवणार, "तुमचं वाइंडिंगचं दुकान आहे म्हणून लोक विश्वास ठेवतात, असलं लिहू नका." शिवाय चुंबक उन्हानं दोन-चार वर्षांत मरतं, आणि आपल्या बेळगावच्या हवेला मोटर कशाला, दोरी ओढली की झालं.

पहिलं आधी कबूल करतो. ते वाक्य माझं चुकलंय, थोडंथोडकं नाही, साफ चुकलंय. पडदा धरून ठेवण्याचं श्रेय मी एडी करंटला दिलं आणि ते काम त्याचं नव्हेच. पण सर, तुम्ही त्याच्यावरून पुढं म्हटलाय की "म्हणजे चुंबक पडदा धरूच शकत नाही, कंपन्या फसवतात", तिथं मात्र मी थांबतो. कारण चुंबकीय ब्रेक या एकाच नावाखाली बाजारात दोन-तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यातल्या एकीचा दोष तुम्ही सगळ्यांच्या माथी मारलाय. माझी चूक ही की मी एकीचा गुण दुसरीला चिकटवला. दोघांची गाडी एकाच खड्ड्यात गेली म्हणा की.

एडी करंटचं उदाहरण प्रत्येकाच्या घरात होतं. जुना लाईटचा मीटर आठवा, काचेमागं ॲल्युमिनियमची चकती गोल फिरायची, लहानपणी आम्ही तिची खूण किती वेळात परत समोर येते ते मोजत बसायचो. त्या चकतीच्या कडेला एक कायमचं चुंबक असतंय, चकती त्याच्या फटीतून फिरते, जितकी जोरात फिरेल तितकं चुंबक तिला मागं ओढतंय, म्हणून तर वेग वापरलेल्या विजेच्या प्रमाणात राहतो. आता गंमत बघा. त्या चकतीला समोरासमोर दोन बारीक भोकं असतात. कशाला? तर घरातलं सगळं बंद असताना नुसत्या व्होल्टेजच्या कॉइलमुळं चकती हळूहळू सरकत राहू नये आणि बिल वाढू नये म्हणून, भोक कॉइलच्या खाली आलं की चकती तिथं अडकते. ब्रेकचं चुंबक थांबलेल्या चकतीला धरू शकत असतं तर भोकं पाडायची गरजच नव्हती. म्हणजे सर, तुमचा मुद्दा कुणीतरी पत्र्यात भोक पाडून कधीचाच सिद्ध करून ठेवलाय. तसंच काही जड गाड्यांच्या शाफ्टवर एडी करंटचा रिटार्डर असतो, असली गाडी चोर्ल्याच्या उतारावरून सुरेख हळू येईल, पण घाटात उभी करायची म्हटली की हँडब्रेक ओढायलाच पाहिजे. अरागोनं १८२४ मध्ये तांब्याजवळ होकायंत्राची सुई लवकर शांत होते हे पाहिलं आणि फूकोनं १८५५ मध्ये चुंबकाच्या मध्ये तांब्याची चकती फिरवायला जास्त जोर लागतो आणि ती तापते हे दाखवलं, तेव्हापासून हे असंच आहे.

मग धरतंय कोण? तुमच्या घरी अडगळीत सायकलचा जुना डायनामो असेल तर काढा आणि त्याचं बोंडुक बोटानं सावकाश फिरवा. गट, गट, गट असे गचके लागतील. वायर कशालाच जोडलेली नाही, करंट नाही, तरी प्रत्येक गचक्याला ते एका जागी बसायला बघतंय. आतल्या चुंबकाच्या ध्रुवांना समोरचं लोखंड जिथं सगळ्यात जवळ मिळतंय तिथं ते ठाण मांडतंय, तिथून हलवायचं तर जोर लावावा लागतो. एडी करंटचा इथं संबंध नाही, ही साधी ओढ आहे, कपाटाच्या दाराला मॅग्नेट कॅच असतंय तसलीच, फक्त गोलात बसवलेली. पडद्याच्या मोटरमधला धरून ठेवणारा चुंबकीय ब्रेक या जातीचा. शाफ्टवर उत्तर-दक्षिण आलटून पालटून असलेली चुंबकाची रिंग आणि समोर न हलणारे लोखंडाचे दात. मोटर चालू झाली की अर्ध्या गचक्यात ओढ मागं आणि अर्ध्यात पुढं, सरासरी जवळजवळ शून्य, म्हणून ब्रेक सोडवायला वेगळी वीज लागत नाही, घासत काही नाही, आवाज नाही.

एवढ्याशा चुंबकाला पडदा पेलतो कसा असं वाटेल, तर हिशोब करून दाखवतो. दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब पडदा म्हणजे पाच चौरस मीटर, कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅमचं धरलं तर दोन किलो, खालची पट्टी एक किलो, एकूण तीन. पाइप ४० मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्या दोन सेंटिमीटर. तीन किलोचे साधारण ३० न्यूटन गुणिले ०.०२, झाला ०.६ न्यूटन-मीटर. आता ब्रेक पाइपवर नसतो, गिअरबॉक्सच्या पलीकडं मोटरच्या बाजूला असतो, गिअर शंभरास एक असेल तर तिथं येतो फक्त ०.००६. एवढं तर बोटाच्या पेराएवढी रिंग आरामात धरते.

तिसरी वस्तू म्हणजे स्प्रिंगचा ब्रेक. वीज आली की कॉइल प्लेट ओढून धरते आणि ब्रेक सुटतो, वीज गेली की स्प्रिंग प्लेट दाबते. चालू-बंद करताना 'टक' असा आवाज येतो तो याचाच. २३० व्होल्टच्या मोठ्या ट्यूब मोटरीत हाच जास्त. याला पण दुकानदार मॅग्नेटिक ब्रेकच म्हणतात, आता काय करायचं.

खरी गोष्ट पुढंच आहे आणि ती मी मागच्या लेखात लिहिलीच नव्हती. टिळकवाडीत एका काकूंच्या हॉलला बॅटरी नसलेला डीसी मोटरचा पडदा होता, मोटर कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. पडदा खाली येत असताना लाईट गेली आणि तो थांबायच्या ऐवजी सर्रकन खाली आला, खालच्या पट्टीनं तुळशीची छोटी कुंडी उडवली. मी पण तेव्हा तुमच्यासारखंच म्हटलेलं, चुंबक मेलं. मोटर काढून उद्यमबागला टेबलावर घेतली, उघडून बघतोय तर चुंबक ठणठणीत. मग काकूंकडं जाऊन कापड काट्याला लावलं तर वजन मूळच्या जवळजवळ दुप्पट, काकूंनी मधल्या काळात जाड ब्लॅकआउट कापड शिवून घेतलेलं आणि वाऱ्यानं हलतंय म्हणून खाली लोखंडी सळी घातलेली. घ्या.

पण टेबलावर अजून एक दिसलं. मूळच्या वजनावर मोटर उभी असेल तर ती छान धरते. पण तेच वजन ठेवून पाइपला हातानं खाली गचका दिला की वजन सुटलं ते सुटलंच, चुंबक एकेका दातावर धरायला बघतंय आणि वेगामुळं पुढं निसटतंय. मग मोटरच्या दोन वायरी क्लिपनं एकमेकींना जोडल्या आणि परत गचका दिला. दोन फेरे सावकाश आणि गट, बसली. वायरी जोडल्या की फिरणारी मोटर जनरेटर होते आणि स्वतःच्याच करंटनं स्वतःला मागं ओढते, म्हणजे सर, तुमचा लेन्झ! तो वेग कमी करतो आणि वेग कमी झाल्यावर डायनामोवाली ओढ पकडते. एकटा लेन्झ थांबवू शकत नाही, एकटी ओढ पळत्याला पकडू शकत नाही. काकूंच्या कंट्रोलरमध्ये लाईट गेल्यावर वायरी आपोआप जोडल्या जायची सोय नव्हती, वर वजन दुप्पट, मग कुंडी जाणारच की.

उन्हाचं म्हणाल तर साध्या फेराइट चुंबकाची ताकद अंशाला साधारण ०.२ टक्के कमी होते. पश्चिमेच्या खिडकीत वरची पेटी २५ वरून ६० अंशाला गेली असं धरलं तरी सात टक्के, आणि थंड झाल्यावर ती परत येते. निओडिमियमचं अंशाला ०.१२ च्या आसपास, पण त्याच्या साध्या ग्रेडला ८० अंशाच्या वर नेऊ नये, तिथं गेलेली ताकद परत येत नाही. बेळगावच्या खिडकीत ८० अंश झाले तर पडद्याच्या आधी आपणच मडगावला पळू.

दोरीचं बरोबर आहे, एका खिडकीला दोरीच बरी, मी स्वतःच्या घरी दोरीच लावलीय. फक्त लोंबणाऱ्या दोरीच्या फासात लहान पोराची मान अडकते, ही भीती उगाच नाही, अमेरिकेत २०१८ च्या मानकापासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना हाताला येणारी दोरी नको असं ठरवलंय. घरात नातवंडं असतील तर दोरीचा फास भिंतीला क्लिपनं ताणून बसवा आणि पलंग खिडकीपासून लांब घ्या.

जुन्या लेखातलं ते वाक्य आज खोडून खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. काकूंना जाड कापड सोडायचं नव्हतं, म्हणून त्यांना स्प्रिंगच्या ब्रेकची मोटर बसवून दिली. 'टक' आवाज येतोय अशी त्यांची आता तक्रार आहे.