विरंगुळा केंद्र बांधण्याआधी ते चालवायचे कसे, हे ठरवा

आमच्या शहरात ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र उभारण्याचा विषय पुन्हा निघाला आहे, याचा आनंदच आहे. परंतु आतापर्यंतची चर्चा जागा कोणती आणि भूमिपूजन कोणाच्या हस्ते, एवढ्यापुरतीच फिरते आहे. नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरी झाल्यामुळे माझे लक्ष साहजिकच दुसरीकडे जाते. बांधकामाचा पैसा ही या कामातली त्यातल्या त्यात सोपी बाब आहे. उद्घाटनानंतरच्या महिन्याचे वीजबिल कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या कोणत्या खात्यातून, भरायचे, हा खरा अवघड प्रश्न आहे.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. विरंगुळा केंद्र म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यात आहे, तो विषय वेगळा. आपण बोलतो आहोत ते स्वतःच्या घरी, मुलासुनांबरोबर किंवा एकटे राहणाऱ्या आणि दिवसाचे तीन-चार तास समवयस्कांत घालवू इच्छिणाऱ्या माणसांविषयी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकांच्या हद्दीत अशी केंद्रे आहेत. ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या, म्हणजे चाळीस हजार ते एक लाख वस्तीच्या शहरात मात्र आजही बँकेचा ओटा, एसटी स्टँडचे बाकडे आणि देवळाचा सभामंडप एवढीच सोय असते.

इमारतीसाठी आमदारांचा स्थानिक विकास निधी आहे, खासदार निधी आहे, जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव पाठवता येतो. या पैशातून भिंती आणि छत उभे राहते. खासदार निधी तर टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठीच असतो. त्यातून पगार, वीजबिल किंवा वर्तमानपत्रांची वर्गणी देता येत नाही. याचा परिणाम पाहायचा असेल तर कोणत्याही प्रभागातील एखाद्या जुन्या समाजमंदिरापर्यंत चालत जावे. दर्शनी भिंतीवर ग्रॅनाइटच्या कोनशिलेत सात-आठ मान्यवरांची नावे, सरकत्या जाळीच्या दाराला गंजलेले कुलूप आणि आत मंडळाच्या गणपतीचा मखर व लोखंडी पाइप. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारले तर तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात.

म्हणून मी चालू खर्चाचा एक ढोबळ हिशेब मांडतो. पूर्णवेळ देखरेख करणाऱ्या माणसाला १४,००० रुपये, अर्धवेळ सफाईला ५,०००, विजेला ३,०००, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला ८,०००, वर्तमानपत्रे व चहा २,००० आणि किरकोळ दुरुस्ती ३,००० धरली तर महिन्याला ३५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार रुपये लागतील. एवढी रक्कम ठेवीच्या व्याजातून उभी करायची म्हटली तर ७ टक्के दराने ६० लाखांची ठेव हवी, आणि ती आपल्या शहरातील देणगीदारांकडून जमेल असे मला वाटत नाही. तीनशे सभासदांनी महिन्याला ५० रुपये वर्गणी दिली तर १५,००० जमतात. राहिलेले २०,००० नगरपरिषदेने द्यावेत. वर्षाचे ते २ लाख ४० हजार होतात. केंद्राचे सभागृह लग्नाला आणि बारशाला भाड्याने देऊन खर्च भागवू, असे सुचवणाऱ्यांना माझा स्पष्ट विरोध आहे, कारण लग्नसराईत ज्येष्ठ बाहेर आणि वऱ्हाड आत, हे ठरलेलेच.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर) मार्ग अवश्य चोखाळावा. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ज्येष्ठांच्या दिवसभराच्या केंद्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र त्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघाची नोंदणी, लेखापरीक्षण, आयकर सवलतीची (१२-अ व ८०-जी) प्रमाणपत्रे आणि सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज, हे सगळे जागेवर लागते. अनेक संघांकडे इतिवृत्ताची वही असते, पण चालू वर्षाचा ताळेबंद नसतो. शिवाय असा बहुवार्षिक प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. त्यानंतरच्या वर्षाचे काय, हे आजच ठरवून ठेवावे लागेल.

आता जागेविषयी. नवीन व्यापारी संकुलाचा पहिला मजला रिकामा आहे, तो द्यावा, अशी सूचना पुढे आली आहे. लिफ्ट नसलेला पहिला मजला ज्येष्ठांना देणे म्हणजे केंद्र न देण्यासारखेच आहे. बायपासपलीकडची शासकीय जमीनही नको. रिक्षाला रोज पैसे मोजून कोणी कॅरम खेळायला जाणार नाही. गावठाणालगतच्या एखाद्या जुन्या लेआउटमधील ओपन स्पेसवर, तेथील भूखंडधारकांची संमती घेऊन आणि नियमात बसेल तेवढेच बांधकाम करून, तळमजल्यावरच केंद्र व्हावे. उताराचे प्रमाण एकास बारा असते. म्हणजे जोते दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. एवढी जागा नकाशात नसली की कंत्राटदार सहा फुटांची घसरगुंडी करून मोकळा होतो.

नियोजनात सर्वांत दुर्लक्षित राहतात त्या स्त्रिया. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकसंख्येत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. संघाच्या बैठकीत मात्र त्या मागच्या रांगेत चार-पाच दिसतात. सकाळी सहा ते नऊ ही पुरुषांच्या सोयीची वेळ आहे. त्या वेळी घरात डबे भरायचे असतात, नातवंडांना शाळेच्या गाडीपर्यंत सोडायचे असते. बहुतेकींना दुपारी तीन ते साडेपाच एवढीच उसंत मिळते, तेव्हा केंद्र त्या वेळी उघडे असलेच पाहिजे. त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली आणि इमारतीच्या आत, कमोड व धरायला दांडी असलेले स्वच्छतागृह हवे. मागच्या अंगणात, अंधाऱ्या बोळातून जावे लागणारे स्वच्छतागृह असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून बायका येणार नाहीत.

इमारतीची मालकी नगरपरिषदेकडे आणि दैनंदिन व्यवस्था नोंदणीकृत संघाकडे असावी. तसा लेखी करार व्हावा, आणि त्यात किल्ली कोणाकडे, दुरुस्ती कोणाची, वर्गणीचा हिशेब कोणापुढे, हे नमूद असावे. दिव्यांगांसाठी नगरपरिषदेला ५ टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. ज्येष्ठांसाठी निदान स्वतंत्र लेखाशीर्ष उघडायला हरकत नसावी. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटणाऱ्यांनी या वेळी जागेचे निवेदन बाजूला ठेवून अर्थसंकल्पाच्या सभेपूर्वी एवढीच मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. इमारत होईपर्यंत त्याच लेखाशीर्षातून एखादे कुलूपबंद समाजमंदिर दुपारी उघडता येईल. तेथे किती जण येतात, हे पाहून नकाशा काढावा.