पंपाले किती एमएल?

वरूड तालुक्यात, माणसांपेक्षा संत्र्याची झाडं जास्त असलेल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. दिवसातून पन्नासदा तरी मला फवारणीच्या औषधाबद्दल एकच प्रश्न विचारला जातो, "भाऊ, पंपाले किती एमएल?" मी सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि लगेच विचारतं, "अन् डबल टाकलं तं?" चौदा वर्षं झाली, मी समजावतोय की बाबा रे, दुप्पट औषधानं अळी दुप्पट मरत नसते, एकदाच मरते. वाक्य माझ्या फार आवडीचं. गेल्या वर्षी नागपूरच्या एका डॉक्टरांनी जवळजवळ तेच मला ऐकवलं. फक्त अळीच्या जागी मी होतो.

हे सगळं सुरू झालं संत्र्याच्या ताणापासून. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, झाडाकडे बघवत नाही. मग जानेवारीत पाणी सोडलं की बाग फुलानं पांढरी होते. मधल्या दिवसांत बागेला थेंबसुद्धा लागता कामा नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तर मी त्याच दिवसांत, रात्रपाळीच्या लाइटीवर गव्हाला पाणी द्यायला वावरात गेलो. मोटर चालू केली, कॉक फिरवला, तेवढ्यात बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावर साळिंदर दिसलं. एखादा काटा सापडतो का म्हणून मागे गेलो. काटा मिळाला नाही, पण शेजारच्या वावरात शेकोटी मिळाली. तिथे चहा झाला, ग्रामपंचायतीचं राजकारण झालं, आणि मी तसाच घरी येऊन झोपलो. कॉक बागेचा होता. सकाळी चारशे झाडं अशी टवटवीत, जणू माहेरपणाला आलेली.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती धुऱ्यावर उभी राहून त्या हिरव्यागार पानांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुमाले आता डॉक्टरले दाखवा लागते."

नर्सिंग शिकणाऱ्या भाचीनं फोनवर नाव सांगितलं. "मामा, एडीएचडी असू शकते. लक्ष एका जागी टिकत नाई, तो आजार. मोठ्या माणसायलेबी असते." आई बाजूलाच बसली होती. "एचडी?" ती म्हणाली. "आपल्या घरी तं साधाच डिश हाय."

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपरही फुकट. पण अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेलं की तालुक्यातले सहा लोक हमखास भेटतात, आणि त्यातले चार माझे उधारीवाले. म्हणून काटोलमार्गे शंभरेक किलोमीटर नागपूर गाठायचं ठरलं. धंतोलीत पानठेल्यांपेक्षा डॉक्टरांच्या पाट्या जास्त आहेत, तिथे आपल्याला कोण ओळखतं? बुधवारची वेळ घेतली आणि गुरुवारी पोचलो. काउंटरवरच्या मुलीला नवल वाटलं नाही. "काल होती सर," ती म्हणाली, आणि दुसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळी तिनं आपणहून फोन केला. मला नाही, बायकोला. या आजाराची तिला डॉक्टरांइतकीच माहिती असावी.

तपासणी म्हणजे आधी 18 प्रश्नांचा कागद. किती वेळा वस्तू हरवतात, किती वेळा काम अर्धवट राहतं, वगैरे. मी झरझर भरून दिला. मानसतज्ज्ञ बाईंनी कागद उलटा केला. "आणि हे मागचं पान?" मागेही पान होतं! बाईंनी त्याची वेगळी नोंद केली, आणि मला उगाच वाटलं की इथेच माझा निकाल लागला.

पण निकष तेवढ्यावर भागत नाही. लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून लहानपण सांगणारं कोणीतरी सोबत आणायचं. मी आईला नेलं होतं. घरी दिवसातून दहादा "बिनडोक्याचा" म्हणणारी माझी माय परक्या बाईसमोर ताठ बसली.

"लहानपणी कसे होते हे?"

"गुणाचं लेकरू होतं बाई. आजूबाजूच्या चार गावात असं पोरगं नव्हतं."

"वस्तू हरवायचे का?"

"कधीच नाई." मग थोडं थांबून, प्रामाणिकपणे, "फक्त बैल हरवला होता. एकदाच."

बाईंचं पेन थांबलं. मी चौथीत असताना बैल चारायला नेला होता आणि संध्याकाळी फक्त कासरा घेऊन घरी आलो होतो. बैल दुसऱ्या दिवशी जलालखेड्याकडे सापडला. "तेव्हा वय किती?" बाईंनी विचारलं. "दहाचा असन," आई म्हणाली. बाईंनी ते लिहून घेतलं. जगात कोणाच्या फाइलीत पुरावा म्हणून बैल असेल असं मला वाटत नाही.

मोठ्या माणसात लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी पाच असली तरी पुरतात, आणि घरी-दारी दोन्हीकडे त्यांनी घोळ घातलेला असावा लागतो. मला नऊपैकी आठ मिळाली. इतके टक्के शाळेत कधी पडले नव्हते. आईनं बाहेर आल्यावर विचारलं, "पास झाला ना?"

डॉक्टरांनी रक्तदाब, नाडी, वजन घेतलं, ईसीजी काढायला लावला, घराण्यात कोणाला हृदयविकार आहे का विचारलं. मग दोन औषधं समजावली. एकाचा गुण दिसायला महिना-दीड महिना जातो, दुसऱ्याचा तासाभरात. मी म्हटलं, "म्हणजे एक शेणखत आणि एक युरिया." ते हसले आणि युरिया लिहून दिला. मिथाइलफेनिडेट, सकाळी नाश्त्यानंतर, 10 मिलिग्रॅम, लांब चालणारी गोळी.

आता हे औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीतलं. पाकिटावर कोपऱ्यात लाल अक्षरात तशी खूण असते. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक त्यानं दोन वर्षं जपून ठेवायची असते. मी स्वतः कीटकनाशकांचा परवानाधारक, जहाल विषाच्या लाल त्रिकोणाचे डबे विकणारा, मला नियमांचा आदरच आहे. पण विचार करा. ज्या आजाराचं पहिलं लक्षण कागद हरवणं, त्याचं औषध कागदाच्या दोन प्रती जपून आणल्याशिवाय मिळत नाही! तालुक्याच्या तीन मेडिकलवाल्यांनी नाव वाचून चिठ्ठी अशी परत केली जशी मी गांजाच मागितला. पुन्हा नागपूर. तिथल्या परवानावाल्या दुकानात पोचलो तेव्हा खिशात एक प्रत होती. दुसरीवर मी एसटीत उडदाच्या बियाण्याचा हिशेब केला होता आणि ती बहुधा काटोलला उतरली. धंतोलीत पुन्हा जिना चढलो. काउंटरवरच्या मुलीनं न विचारता नवीन कागद पुढे सरकवला.

पहिला आठवडा, 10 मिलिग्रॅम. काहीच नाही. म्हणजे चहा गरम असताना प्यायलो, एवढंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. "डबल घेऊ का?" पलीकडे थोडी शांतता. "तुम्ही कृषी केंद्र चालवता ना?" ते म्हणाले. मी फोन ठेवला.

याच काळात एका रात्री जीएसटीचा हिशेब करायला बसलो आणि दीड वाजेपर्यंत या गोळीचा इतिहास वाचत होतो. (हे गोळीमुळे की गोळी उतरल्यामुळे, ठाऊक नाही.) हे औषध 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये लिआंड्रो पानिझॉन नावाच्या रसायनतज्ज्ञानं तयार केलं. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची, आणि तिच्या रीटा या लाडक्या नावावरून त्यानं गोळीचं नाव ठेवलं रिटालिन. मी हे कौतुकानं बायकोला उठवून सांगितलं. ती कूस बदलत म्हणाली, "त्यानं बायकोच्या नावानं औषध काढलं. तुमी माह्या नावानं अर्धा एकर बी नाई केला."

दुसऱ्या टप्प्यात 20 झाले आणि गंमत सुरू झाली. डोक्यात एका वेळी सात रेडिओ वाजायचे, त्यातले सहा कोणीतरी बंद केले. गिऱ्हाईक बोलतं ते शेवटपर्यंत ऐकू यायला लागलं. त्यातलं बरंचसं ऐकण्यासारखं नव्हतं हेही तेव्हाच कळलं.

तिसऱ्या टप्प्यात 30. तिथे गाडी पुढे गेली. नाडी धडधडायला लागली. मी एका दुपारी दुकानातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, मग कालबाह्य तारखेप्रमाणे, मग पुन्हा उंचीप्रमाणे. बोलणं बंद. माझा चेहरा पाहून दोघं दारातूनच परत गेले, आणि घरी कोण वारलं हे विचारायला एक जण आला. शेजारच्या गावात रोडग्यांची पंगत होती. वांग्याची भाजी, तूप, सगळं पानात, आणि मी दुसऱ्या रोडग्याला हात आडवा केला. सगळी पंगत थांबली. वाढणाऱ्यानं हळूच विचारलं, "भाऊ, शुगर निघाली का?" या गोळीनं दुपारची भूक जाते हे आता रोडग्याच्या पंगतीत कोणाला सांगणार! आठवड्यात वजन दीड किलोनं उतरलं होतं. डॉक्टरांनी गोळी परत 20 वर आणली. "कमीत कमी जितक्यानं काम होतं, तितकंच," ते म्हणाले. हे वाक्य मी चोरलं, आता गिऱ्हाइकांना सांगतो. कोणी ऐकत नाही.

20 वर बस्तान बसलं. आणि मग ते झालं ज्याचा अंदाज डॉक्टरांनाही नव्हता. मी उधारीची वही उघडली. चौदा वर्षांत ती मी फक्त लिहायला उघडत होतो, तीही अर्धी. आता बसून जुळवली. सोयाबीनचं बियाणं कोणी नेलं, दोन हंगामांपूर्वीचे फवारणीचे पैसे कोणाकडे, सगळी नावं समोर. फोन करायला लागलो, आणि दिलेली तारीख विसरेनासा झालो. गावात पसरायला वेळ लागला नाही. "भाऊनं कायची तरी गोळी सुरू केली." एक जण तर अगदी काळजीनं विचारून गेला, "मंग हे गोळी कवापर्यंत चालन?"

पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की दुकानाची गर्दी सरकली आहे. रोख घेणारे सकाळी येतात, उधारीवाले संध्याकाळी साडेसहानंतर. गोळी आठेक तास चालते हे कोणी कोणाला सांगितलं, देव जाणे. मला आईवर संशय आहे. दिवेलागणीला मी पुन्हा जुना भाऊ असायचो, समोर तीन जण तीन विषयांवर बोलायचे, चौथा मधेच "लिहून ठेवजा भाऊ" म्हणत डबा उचलायचा, आणि वही नेमकी कुठे ठेवली ते मला आठवायचं नाही.

गेल्या खेपेला नागपूरला हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रक्तदाब पाहिला, वजन पाहिलं, झोप कशी लागते विचारलं, आणि दुपारी दोनला साधी 5 मिलिग्रॅमची गोळी वाढवून दिली. त्यापेक्षा उशिरा घ्यायची नाही, नाहीतर रात्री डोळा लागणार नाही. चिठ्ठीच्या दोन्ही प्रती बायकोनं तिथेच हातातून काढून घेतल्या.

दुपारच्या त्या पाचाबद्दल गावात अजून कोणाला ठाऊक नाही. आईलाही सांगितलेलं नाही.