‘एपीआय मोठ्या कंपन्यांनाच लागतो’ : फिरत्या संदेशाला मोंढ्यातून उत्तर

गेल्या काही दिवसांपासून लहान व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : एन-एट-एन, नोड-रेड यांसारख्या ऑटोमेशनच्या साधनांत चौकोन ओढून जोडले की काम होते, म्हणून त्यांचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने त्या साधनाला थेट आज्ञा देण्याची सोय) फक्त मोठ्या कंपन्यांना लागतो, बॅकअपसाठी वर्कफ्लो (चौकोन जोडून रचलेली कामाची साखळी) एकदा डाउनलोड करून ठेवला की पुरे, एपीआय की (ती सोय वापरण्याचा गुप्त संकेत) तयार करणे म्हणजे तिजोरीची किल्ली रस्त्यावर ठेवणे, आणि प्रोग्रामने वर्कफ्लोत हात घातला की चालू काम बंद पडते. लातूरच्या मोंढ्यातील (धान्यबाजारातील) एका अडत दुकानाचे असे वर्कफ्लो मी सांभाळतो आणि तिथल्या मालकांनीच हा संदेश मला ‘खरे आहे का हो?’ असे विचारत पाठवला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिला मुद्दा कंपनीच्या आकाराचा. या दुकानात सुरुवातीला तीनच वर्कफ्लो होते : सकाळी आवक आणि भाव कळवणारा, सौदा झाल्यावर शेतकऱ्याला पट्टी (विक्रीचा हिशेब) पाठवणारा आणि उधारीची आठवण करून देणारा. सोयाबीनसाठी वेगळा, तुरीसाठी वेगळा, अमुक मिलसाठी आणखी एक, असे करत दोन वर्षांत ते चौतीस झाले. मग आम्ही सर्व्हर नव्या मशीनवर हलवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा भावाचा मेसेज संध्याकाळी साडेपाचला गेला. मुनीमजी एवढेच म्हणाले, ‘साहेब, सौदे उरकल्यावर भाव कळून काय करायचं?’ कारण साधे होते. एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर बसवताना टाइमझोन सांगितला नाही, तर ते न्यूयॉर्कची वेळ धरून चालते. उन्हाळ्यात तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेसहा. जुन्या मशीनवर केलेले ते सेटिंग नव्यावर करायचे माझ्याकडून राहून गेले होते.

सर्व्हरचे सेटिंग एका ओळीत सुधारले, पण प्रत्येक वर्कफ्लोला स्वतःचाही टाइमझोन देता येतो आणि तो सर्व्हरच्या वर चालतो. कोणत्या वर्कफ्लोत कोणी काय निवडून ठेवले आहे, हे पडद्यावरून पाहायचे तर चौतीस वेळा वर्कफ्लो उघडून सेटिंगची खिडकी पाहावी लागली असती, आणि विसाव्या वर्कफ्लोनंतर डोळे काय पाहतात याचा भरवसा नसतो. त्याऐवजी एपीआयला सगळ्या वर्कफ्लोंची यादी मागितली. एका विनंतीत तो शंभर वर्कफ्लो देतो, सांगितल्यास अडीचशेपर्यंत, त्यामुळे आमचे सगळे एकाच फेरीत आले. दहा-बारा ओळींच्या पायथन स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रामने) नाव, चालू की बंद आणि टाइमझोन असे तीन रकाने छापले आणि चुकीचे तीन लगेच दिसले. हे दुकान मोठी कंपनी नाही. तिथे गादी आहे, काटा आहे आणि एक मुनीम आहेत. एपीआयची गरज वर्कफ्लो किती झाले आणि त्यांना किती जणांचे हात लागतात यावर ठरते, उलाढालीवर नाही.

बॅकअपचा मुद्दा तर मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा आहे. एकदा उतरवून ठेवलेली फाइल म्हणजे त्या दिवसाचा फोटो, आणि अडतीच्या धंद्यात हमालीचा दर, मिलचा नंबर, पट्टीतला मजकूर अशा गोष्टी सतत बदलत असतात. आमच्याकडे आता रोज रात्री एक स्क्रिप्ट एपीआयमधून सगळे वर्कफ्लो काढून गिटमध्ये (फाइलींतला प्रत्येक बदल तारखेसह जपणाऱ्या साधनात) ठेवते. परवा एका पट्टीत हमाली जास्त कापली गेली, तेव्हा तो आकडा कोणत्या दिवशी बदलला हे गिटमध्ये दोन मिनिटांत सापडले. चालून गेलेल्या कामांच्या नोंदीवर विसंबता आले नसते, कारण मूळ सेटिंगनुसार एन-एट-एन त्या ३३६ तासांनंतर, म्हणजे १४ दिवसांनी, पुसायला लागते. मात्र वर्कफ्लोच्या फाइलीत पासवर्ड नसतात. ते डेटाबेसमध्ये कुलूपबंद असतात आणि ते उघडणारी एन्क्रिप्शन की वेगळी जपली नसेल, तर डेटाबेसचा बॅकअप असूनही जोडण्या नव्याने कराव्या लागतात. संदेश लिहिणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलेले नाही.

किल्लीचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. एन-एट-एनच्या एंटरप्राइझ आवृत्तीत कीला मोजकेच अधिकार देता येतात. इतर आवृत्त्यांत कीला ती ज्या खात्याची आहे त्याचे सगळे अधिकार मिळतात. साठवलेला पासवर्ड एपीआय वाचून दाखवत नाही हे खरे, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण ज्याच्याकडे की आहे तो तोच पासवर्ड वापरणारा नवा वर्कफ्लो रचून माहिती बाहेर पाठवू शकतो. म्हणून कीला मुदत घालावी, ती स्क्रिप्टमध्ये लिहू नये, गिटमध्ये तर मुळीच नको, आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. पण हीच काळजी पडद्याच्या लॉगिनलाही लागू आहे, आणि दुकानातल्या संगणकाला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी मी स्वतः काढून फेकली आहे. गळलेली की निदान एका क्लिकमध्ये रद्द तरी होते.

राहिला चालू काम बिघडण्याचा प्रश्न. एन-एट-एनमध्ये बदलाची विनंती वर्कफ्लो पूर्ण बदलते, त्यामुळे पाठवलेल्या मजकुरात एखादा नोड (वर्कफ्लोतला एक चौकोन) घालायचा राहिला तर तो गेलाच. आम्ही वापरतो त्या आवृत्तीत एपीआयकडून घेतलेला वर्कफ्लो जसाच्या तसा परत पाठवला तर तो नाकारलाही जातो. नाव, नोड, जोडण्या आणि सेटिंग एवढेच ठेवून आयडी, तारखा वगैरे काढावे लागतात. पहिल्यांदा यात माझा अर्धा दिवस गेला, पण चालू वर्कफ्लोला धक्का लागला नाही. नोड-रेडमध्ये तर याहून चांगली सोय आहे : फ्लो वाचताना मिळालेला आवृत्तीचा क्रमांक बदलासोबत परत पाठवला आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी काही बदलले असेल, तर सर्व्हर ४०९ (बदलांची टक्कर झाल्याचा संकेत) असे उत्तर देऊन बदल नाकारतो. पडद्यावर दोघांनी एकाच वेळी काम करताना एकाचे दुसऱ्याने पुसल्याचे प्रकार मी पाहिले आहेत, तेव्हा दोष एपीआयच्याच माथी कशाला?

शिवाय एपीआयने तयार केलेला नवा वर्कफ्लो एन-एट-एनमध्ये बंद अवस्थेत जन्मतो आणि तो चालू करण्यासाठी वेगळी विनंती द्यावी लागते. इंटरनेट तुटल्यामुळे स्क्रिप्टने तीच विनंती दुसऱ्यांदा पाठवली, तर एकाच नावाचे दोन वर्कफ्लो यादीत दिसतील, पण शेतकऱ्याला दोन पट्ट्या जाणार नाहीत. आम्ही तुरीच्या पट्टीचा नवा वर्कफ्लो असाच आणला : रविवारी, मोंढा बंद असताना, तो तयार केला, मुनीमजींच्या नंबरवर तीन पट्ट्या पाठवून आकडे वहीशी ताडून घेतले आणि मगच जुना बंद करून नवा चालू केला.