वाचायला फुकट, छापायला लाखो

पर्यावरणशास्त्रातले बरेच शोधनिबंध आता कुणालाही मोफत वाचता येतात, असं एका लेखात वाचलं. ते खरं आहे. पण वाचकाचा खर्च वाचला तो लेखकाच्या माथी आला. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०२१ मध्ये खुल्या (वाचकाला मोफत) प्रकाशनासाठी ९,५०० युरो शुल्क ठेवलं. कातळसड्यांवरच्या वनस्पती, ओढ्यांतले मासे, खेकडे यांवर पदरमोड करून काम करणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी एवढे पैसे आणायचे कुठून? म्हणून कोइम्बतूरच्या ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’बद्दल मला फार आदर वाटतो. १९९९ मध्ये ‘झूज प्रिंट जर्नल’ म्हणून सुरू झालेलं हे नियतकालिक सर्वांना खुलं आहे. पश्चिम घाटातल्या कितीतरी नव्या जातींची वर्णनं त्यात आली आहेत. नेमणुका-बढत्यांच्या वेळी मात्र इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला, तो आकडा) बघून अशा कामाला कमी लेखतात. विद्यापीठांनी हे थांबवायलाच हवं.