जलदुर्ग बाहेरून बघा

जंजिरा बघून आलेल्या कुणालाही विचारा, कसा वाटला? उत्तर ठरलेलं असतं. "भारी आहे, पण आत तसं काही उरलं नाही." सिंधुदुर्गाबद्दलही हेच ऐकू येतं. अहो, जलदुर्ग म्हणजे काय वाडा आहे का, आत शिरून दालनं मोजायला? त्याची खरी करामत तटाच्या बाहेर आहे, जिथे दगड आणि पाणी भिडतात. आणि नेमकी तीच बाजू आपण होडीत सेल्फी काढताना पाठीमागे टाकतो.

सिंधुदुर्गाचा दरवाजाच घ्या. मालवणहून निघालेली होडी पार जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही. तट आत वळवून त्या बेचक्यात तो दडवलाय. जंजिऱ्यालाही तीच युक्ती. शत्रूला आधी कळायलाच नको, तोफ रोखायची कुठे! कुरटे बेटावर १६६४ मध्ये काम सुरू झालं, १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूकडे खारं पाणी असताना या विहिरी नसत्या, तर तट कितीही उंच बांधून काय उपयोग? वेढ्यात किल्ले तहानेनेही पडतात.

आता अलिबागचा कुलाबा. तिथल्या तटाला चुनाच नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मधल्या फटी मोकळ्या. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते निमूट बाहेर येतं.

मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर बरोबर याच्या उलट. (माझ्यासाठी हा सगळ्यांत देखणा. भांडायचं असेल त्यांनी खाली भांडावं.) तिथे सांध्यांत चुना भरलाय आणि तो इतका चिवट की साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने दगड झिजला, चुना तसाच उभा! चिऱ्याच्या जागी हात बुडेल एवढा खळगा आणि भोवती चुन्याची ताठ चौकट. लांबून सगळी भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. त्या चौकटीवरून बोट फिरवलंत तर कडा अजून हाताला लागते. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या नाकासमोर हा किल्ला उभा केला होता. १६७५ च्या पत्रात शिवाजी महाराज म्हणतात की पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या, म्हणजे सिद्दीच्या ठाण्याच्या, उरावर दुसरी राजपुरी केली. आणि हे पत्र कौतुकाचं नाही बरं का, तिथे वेळेवर रसद न पोचवणाऱ्या सुभेदाराला झापलंय!

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १२ किल्ले गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटावरचे तीन. कुलाबा आणि पद्मदुर्ग त्यात नाहीत. आता सुशोभीकरण येणार, पेव्हर ब्लॉक येणार, दिव्यांच्या माळा येणार. मला विचाराल तर आधी दोन गोष्टी करा. धक्क्यावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मराठीत, ठळक अक्षरांत लावा. आणि जिथे खडक आडवे येत नाहीत तिथे होडीने तटाला एक फेरी मारायची सोय करा. वेगळं तिकीट लावा, मी देईन. "पाऊण तासात परत या" म्हणणाऱ्या होडीवाल्यावर माझा राग नाही. त्याला फेऱ्या करायच्यात आणि पाण्याचं गणित त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वेळापत्रक लागेपर्यंत कोळीवाड्यातला जुना हिशेब आहेच. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. कुलाब्याला चालत जायला ही वेळ छान. अष्टमीला ओहोटी भरदुपारी बाराला येते, सोयीची वाटते, पण तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमजोर भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र लांबवर मागे जातो आणि येतानाही तसाच जोरात येतो, तेव्हा किल्ल्यात रेंगाळू नका. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा आणि तो "आज नको" म्हणाला तर हुज्जत घालू नका. गपचूप किनाऱ्यावर जेवून घ्या, पापलेट मिळालं तर उत्तमच.