परजीवी दिसेल त्या माशाला चिकटत नाही

मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय, की माशांवरचे परजीवी आंधळे असतात, समोर येईल त्याला चिकटतात, कोण सापडेल ते निव्वळ नशीब, आणि ज्या माशाच्या अंगात अँटिबॉडी आहेत त्याच्या वाटेला ते जातच नाहीत. लोक खरं मानून पुढे पाठवतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"समोर येईल त्याला चिकटतात": हे कुठून आलं ते कळतं. आपल्या टाकीतला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग गोड्या पाण्यातल्या जवळपास कुठल्याही माशाला होतो, रोहू-कटल्याच्या तळ्यातली आर्ग्युलस ऊ पण फार चोखंदळ नाही. पण सगळे एकाच माळेचे मणी नाहीत. युरोपातल्या सोलवर (आपल्या लेपासारखाच चपटा मासा) एन्टोब्डेला नावाचा कृमी असतो. परजीवींचे अभ्यासक ग्रॅहम कर्न यांनी १९६७ मध्ये दाखवलं की सोलच्या कातडीला लावून ठेवलेल्या नुसत्या अगारच्या (जेलीसारखा पदार्थ) तुकड्यालाही त्याची पिल्लं चिकटतात. मासा नाही, फक्त त्याच्या अंगावरचा स्राव, तेवढ्यावर काम होतं.

"नशीब": सॅल्मनवरच्या उवेचं पिल्लू मिलिमीटरभरही नसतं आणि मासा सापडेपर्यंत काही खात नाही, अंगातल्या शिदोरीवरच जगतं, त्यामुळे भलत्या माशामागे वेळ घालवणं त्याला परवडतच नाही. मासा पोहताना पाणी हलतं ते त्याला कळतं, आणि वासही कळतो. दोन फाटे असलेल्या नळीत सोडलं तर सॅल्मनच्या वासाकडे जातं, त्या वासातला एक पदार्थ आयसोफोरोन. त्यातच टर्बॉट माशाच्या (याच्यावर ही ऊ राहत नाही) अंगावरचे पदार्थ मिसळले तर ओढ कमी होते.

"अँटिबॉडी असल्या की लांब राहतात": सगळ्यात चुकीचं हेच आहे. मासा हातात धरल्यावर बुळबुळीत लागतं ना, त्या थरात आयजीएम नावाच्या अँटिबॉडी असतात. जपानमधल्या फुगू माशाच्या कल्ल्यांवर हेटेरोबोथ्रियम नावाचा कृमी राहतो, त्याचं पिल्लू अंगावरचे बारीक केस हलवत पोहत येतं आणि मासा सापडला की ते केस टाकून देतं, मग परत पोहणं नाही. २०१७ मध्ये छापून आलेल्या कामात दिसलं की केस टाकायला लावणारी गोष्ट म्हणजे फुगूचीच आयजीएम, त्यातही मॅनोज साखरेला धरणारी. ती पिल्लाच्या केसाळ पेशींना जाऊन चिकटते. पाण्यात सुटी मॅनोज टाकली की अँटिबॉडीची पकड तिथेच अडकते आणि केस गळणं थांबतं. म्हणजे मासा ज्याने स्वतःला वाचवतो त्याच खुणेवरून कृमी त्याला ओळखतो!

आणि घर ओळखलं म्हणजे तिथे टिकलाच असंही नाही. कोहो सॅल्मनवर ऊ बसते, पण त्याची कातडी तिथे सुजून जाड होते आणि साधारण दोन आठवड्यांत बऱ्याचशा उवा गळून पडतात, अटलांटिक सॅल्मनवर मात्र त्याच उवा आरामात वाढतात.